मागच्या भिंतीवरून चोर बागेत उतरला. कायद्यात राहून काय काय करता येईल?

पारिजातक, नेरुळ
१४ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, गेल्या मंगळवारी पहाटे आमच्याकडे चोरी झाली. अजून मन ठिकाणावर नाही, तेव्हा लिहिण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं रो हाऊस सिडकोच्या जुन्या वसाहतीत आहे. पुढे गेट, मागे बारा बाय वीस फुटांची बाग आणि साडेचार फुटी भिंत. भिंतीपलीकडे गटाराची अरुंद गल्ली. बाग माझ्या सासऱ्यांची, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७६. अळू, कर्दळ, अनंत, दोन पपया, कढीपत्ता, सगळं त्यांच्या हातचं.

त्या रात्री पाऊस नुसता कोसळत होता. मागच्या पत्र्यावर इतका आवाज, की कुणी हाका मारल्या असत्या तरी ऐकू आल्या नसत्या. सकाळी सहाला अण्णा फुलं काढायला गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. अळूचा वाफा आडवा झाला होता. चिखलात उजव्या पावलाचा ठसा, अनवाणी, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. भिंतीवरचं शेवाळ निघून दोन लांब पट्टे पडलेले. आणि अण्णा ज्यावर बसून खुरपणी करतात तो लोखंडी स्टूल भिंतीला टेकवलेला. आमच्याच स्टुलावर चढून ते परत गेले.

बाहेर मागच्या ओट्यावरचं भरलेलं सिलिंडर, पाण्याची मोटर आणि तांब्याचा बंब गेला. बंब अण्णांच्या आईचा होता. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं, म्हणजे माणूस एकटा नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दोन काचपट्ट्या अलगद काढून भिंतीशी उभ्या ठेवल्या होत्या. हात कडीपर्यंत पोचला नाही म्हणून आत आले नाहीत. अण्णा तिथून दहा फुटांवर झोपले होते. मला त्या दोन पट्ट्याच डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पोलीस आले, पंचनामा झाला, गुन्हा नोंदवला गेला. आता घरात रोज वाद. अण्णांना भिंतीवर बाटल्यांच्या काचा बसवायच्या आहेत, परवा गवंडी बोलावलाय. माझे दीर म्हणतात, रात्री तारेत करंट सोडायचा, एकदा चटका बसला की परत कुणी येणार नाही. मला दोन्ही पटत नाही, पण मग करायचं काय, हेही सुचत नाही. ज्यांच्याकडे बाग आहे, बैठं घर आहे, त्यांनी कृपया लिहा.

---

माळरान, ठाणे
१४ जुलै, रात्री ११.१५

वाचून वाईट वाटलं. अण्णांना सांभाळा, या वयात असा धक्का लवकर जात नाही.

करंटचं म्हणाल तर आमच्या गावाकडे रानडुकरांसाठी सर्रास सोडतात. झटका बसला की जनावर पुन्हा फिरकत नाही. चोरालाही तीच भाषा कळते. कायदा चोराची बाजू घेतो, याची चीड येते.

---

कलमवाली, ठाणे
१५ जुलै, सकाळी ७.५०

पारिजातक, मी वकिली करते, फौजदारी बाजू जास्त. करंटचा विचार आजच्या आज डोक्यातून काढा आणि दिरांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

माळरान, तुमची चीड समजते. पण गावाकडे अशाच तारांना चिकटून माणसं मेली आहेत. कधी शेजारचा शेतकरी, कधी घरचाच मुलगा. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. पावसात, ओल्या भिंतीवर, अनवाणी माणसाला त्याचा चटका बसत नाही, त्याचा जीव जातो.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. त्यातल्या आरोपीच्या शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून तिथली माणसं त्याचा संडास वापरायला लागली. त्याने तोंडी मनाई केली, कुणी ऐकेना. मग त्याने वाटेत उघडी तार लावून वीज सोडली. धोक्याची पाटी नाही, काही नाही. एक बाई चिकटून मेली. त्याने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला, तो टिकला नाही आणि शिक्षा कायम झाली. न्यायालयाने म्हटलं, की विनापरवाना आत शिरलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. त्याला हाताने इजा करता येत नाही, तशी जागेवर काहीतरी लावून ठेवूनही करता येत नाही.

लक्षात घ्या, मेली ती बाई चोर नव्हती. लपवलेल्या सापळ्याला चोर आणि शेजारीण यातला फरक कळत नाही.

आज भारतीय न्याय संहिता लागू आहे, १ जुलै २०२४ पासून. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क त्यात आहे आणि तो भक्कम आहे. सूर्यास्तानंतर कुणी घर फोडत असेल तर कलम ४१ त्या हक्काला फार पुढपर्यंत नेतं. पण तो हक्क समोर उभ्या असलेल्या धोक्यापुरता आहे, आणि कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तुम्ही झोपलेले असताना तारेने केलेली इजा यात बसवणं फार कठीण. माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ लागतं, आणि हेतू किंवा जाणीव दिसली तर सदोष मनुष्यवधाचं १०५.

आणि कायदा चोराची बाजू घेत नाही. रात्री चोरीसाठी घर फोडलं तर कलम ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

---

गडगा, ठाणे
१५ जुलै, सकाळी ९.०५

मूळचा कोकणातला, आता नौपाड्यात. आमच्या बैठ्या घराला तिन्ही बाजूंनी जिवंत कुंपण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली पसंती करवंदाला. सदाहरित, पाऊस सोसतं, उन्हाळ्यात पाणी तोडलं तरी उभं राहतं, काटे दुहेरी आणि टणक. दीड-दीड फुटावर दोन ओळीत लावा, पण एकासमोर एक नको, नागमोडी. वाढ सावकाश आहे, तीनेक वर्षं धीर धरावा लागेल. पहिल्या वर्षी शेंडे खुडत राहा. नाहीतर वर पसरतं आणि बुंध्याशी मोकळं राहतं, तिथून माणूस सहज वाकून जातो. जुलै लावायला उत्तम महिना.

तोवर बोगनवेल. तिला दिवसभर ऊन हवं, सावलीत नुसती पानं येतात. भिंतीवर जाळी बसवून तिच्यावर चढवा. जुनी बोगनवेल भिंतीवर आडवी पसरली की वरून हात टाकायला जागा राहत नाही, आणि तो अडथळा गल्लीतूनच दिसतो, फसवणूक काही नाही. कोपऱ्यात जागा असेल तर कागदी लिंबू. काटेही आणि लिंबंही.

चिलार, सागरगोटा, शिकेकाई ही आमच्या रानातली कुंपणं. काटे आकड्यासारखे वळलेले, कपडा धरला की सोडत नाहीत. पण फार माजतात. बारा फुटांच्या बागेत लावू नका, अण्णांची पपई गिळून टाकतील. शेर तर मुळीच नको. त्याचा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते, आणि कुंपण छाटायला तुम्हालाच जावं लागणार. घायपात मुलं खेळतात त्या बाजूला नको, टोक थेट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतं.

अण्णांना सांगा, अळूचा वाफा तसाच राहू दे. मऊ चिखलात पाय रुततो, आणि ठसा तिथेच मिळाला ना?

---

ग्रिलवाला, कोपरखैरणे
१५ जुलै, दुपारी २.३०

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. पंधरा वर्षं रो हाऊसच्या ग्रिल करतोय, त्यातून जे दिसलं ते लिहितो.

त्या काचपट्ट्यांच्या खिडक्या आधी बदला. पट्टी खालून वर सरकवली की बाहेर येते, आवाज नाही, फुटणं नाही. काढायच्याच नसतील तर आतून लोखंडी ग्रिल, बारा एमएमचा चौकोनी बार, मधली फट चार इंचांच्या आत. ग्रिल भिंतीच्या आत गाडा. बाहेरून स्क्रू मारलेली ग्रिल पान्याने पाच मिनिटांत उतरते. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी असेल तर वरच्या पट्टीत अडसर टाका, नाहीतर पल्ला उचलून रुळावरून काढता येतो.

मागच्या दाराला नुसता कडीकोयंडा असेल तर कोयंड्याचे स्क्रू बघा. अर्ध्या इंचाचे असतात, पहारीने एका झटक्यात निघतात. आरपार बोल्ट टाका आणि आतून आडणा लावा.

भिंतीची उंची वाढवायची तर वीट चढवत बसू नका. राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली ठाणे, नवी मुंबई दोन्ही महापालिकांना लागू आहे. तिच्यात कंपाउंड वॉलची उंची रस्त्यापासून दीड मीटर धरली आहे. वरचा ०.९ मीटर भाग मोकळ्या जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. म्हणजे तुमच्या साडेचार फुटांवर तीन फुटांची उभ्या बारांची जाळी बसू शकते. आडवे बार टाकायचे नाहीत, त्याची शिडी होते. मागची गल्ली कुणाच्या ताब्यात आहे ते बघून नगररचना विभागात एकदा विचारून घ्या. भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल तर त्यांची संमती लेखी.

बाकी ड्रेनेजचा पाइप, एसीचं बाहेरचं युनिट, छज्जा, पाण्याची टाकी, हे एका रांगेत आले की वरचा मजला उघडा पडतो. पाइपाला आठ फुटांवर पत्र्याची गोल कॉलर बसवतात, मी बऱ्याच ठिकाणी बसवली आहे.

आणि स्टूल, शिडी, कुदळ, पहार रात्री आत. आमच्या एका गिऱ्हाइकाचं दार त्यांच्याच कुदळीने उचकटलं होतं.

---

पारिजातक, नेरुळ
१८ जुलै, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. करंटचा विषय संपला. कलमवाली ताई, दिरांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काही न बोलता फोन परत दिला.

पण काचा मी थांबवू शकले नाही. गवंडी ठरल्या दिवशी आला आणि अण्णांनी माझं न ऐकता मागच्या भिंतीवर बाटल्या फोडून सिमेंटमध्ये बसवल्या. हिरव्या, तपकिरी, शेवाळलेल्या भिंतीच्याच रंगाच्या.

आज संध्याकाळी गल्लीतला आठवीतला मुलगा चेंडू काढायला मागून चढला. दर वर्षी शंभर वेळा चढतो, आमच्या घरातलाच झालाय तो. काळोख पडत होता. हात टाकला तो सरळ काचेवर. तळहाताला अंगठ्याखाली चार टाके पडले. शीर थोडक्यात वाचली, असं डॉक्टर म्हणाले. त्याची आई एक शब्द रागाचा बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. अण्णा त्याच्याबरोबर दवाखान्यात बसून होते, टाके घालताना त्याचा दुसरा हात धरून. घरी आल्यावर छिन्नी-हातोडी घेऊन अंधारातच भिंतीशी गेले. मी टॉर्च धरला. साडेआठपर्यंत अर्धी भिंत मोकळी झाली, उरलेली उद्या.

---

कलमवाली, ठाणे
१८ जुलै, रात्री १०.१०

मुलाला लवकर बरं वाटू दे. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

काचांबद्दल आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं, ते राहिलं. भिंतीवरच्या काचा जागोजागी दिसतात, म्हणून लोकांना त्या निर्धोक वाटतात. पण दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य कलम १२५ खाली गुन्हा आहे, आणि दुखापतीची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते. माझ्या अशिलांना मी एकच कसोटी सांगते. दिवसा-रात्री लांबून दिसतं का, आणि तरीही कुणी चढलाच तर तो जखमी होतो की नुसता अडतो? उभ्या बारांची जाळी अडवते. अंधारात न दिसणारी काच कापते.

हेच झटका मशीनबद्दल. शेतीकुंपणाचं ठरावीक मानकाचं यंत्र क्षणभराचा झटका देतं, घरच्या लाइनसारखा सतत प्रवाह नाही. तरी मुलांच्या गल्लीत, सामाईक भिंतीवर मी ते कुणालाही सुचवणार नाही.

---

माळरान, ठाणे
१९ जुलै, सकाळी ८.००

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. मुलाचं वाचून झोप लागली नाही.

एक सुचवतो. तुमच्या गल्लीत रात्री पाळीने गस्त का घालत नाही? आमच्याकडे पूर्वी घालायचे. ठराविक जमातीची माणसं दिवसा भंगार घ्यायला, वस्तू विकायला म्हणून येतात आणि घरं हेरून जातात. अशांना वसाहतीत फिरकूच द्यायचं नाही.

---

जुना ठाणे अंमलदार, पनवेल
१९ जुलै, सकाळी ११.४०

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. माळरान, तुमच्या मनात वाईट नाही हे वरच्या ओळीवरून कळतं, म्हणून समजून सांगतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, म्हणूनच त्या विमुक्त जाती. त्या संशयाने आजही माणसं मरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. अफवा एवढीच, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. भंगारवाल्याला हाकलून चोरी थांबत नाही. नोकरीत मी पकडलेल्या घरफोड्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, चांगल्या घरातलेही.

गस्त घालायची तर जरूर घाला, पण आधी पोलीस ठाण्यात कळवून. संशयित दिसला तर ११२. तुमच्यासमोर गुन्हा करताना सापडला तर धरता येतो, कायद्यात ती मुभा आहे, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. खांबाला बांधून मारलात तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

आता चोर काय बघतो ते. लवकर आत, लवकर बाहेर, आणि कुणी बघायला नको. म्हणून मागची अंधारी गल्ली. घर बंद आहे का, हे तो दारावरून ओळखतो. साचलेली वर्तमानपत्रं, दिवसाढवळ्या जळणारा बाहेरचा दिवा, वाळत राहिलेले कपडे. आपल्याकडे गणपतीला निम्मी वसाहत कोकणात जाते. त्या आठवड्यात शेजाऱ्याला किल्ली द्या, संध्याकाळी एक दिवा लावायला सांगा, आणि ठाण्यात घर बंद असल्याचं कळवा. गावी निघाल्याचे फोटो परत आल्यावर टाका.

रात्री बागेत खुडबुड ऐकू आली तर बाहेर जाऊ नका. घरातले सगळे दिवे लावा, मोठ्याने बोला, ११२ लावा. पळणाऱ्याला वाट मोकळी ठेवा. कोंडलेला चोर वार करतो. बंब परत घेता येईल, माणूस नाही.

पारिजातक, गुन्हा नोंदवल्यावर प्रथम खबरीची प्रत तुम्हाला मोफत मिळते, नसेल घेतली तर घ्या. मोटरचा नंबर बिलावर असेल तो तपास अंमलदाराला द्या. बंबाचा जुना फोटो असेल तर तोही. तांबं लवकर वितळवलं जातं, उशीर करू नका.

---

खाडीकाठ, ऐरोली
१९ जुलै, दुपारी ४.१५

फक्त दिव्याबद्दल. आम्ही हालचालीवर लागणारे दोन दिवे बसवले. हा सेन्सर हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो. समोरून सरळ चालत येणारा माणूस उशिरा टिपतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून दिवा भिंतीकडे तोंड करून लावला तर उपयोग कमी. बाजूच्या भिंतीवर आठ फुटांवर, तिरका लावा. मांजरांमुळे सारखा लागायचा, सेन्सरचा खालचा भाग काळ्या टेपने झाकला तेव्हा थांबला. शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये उजेड जातो का, हे रात्री त्यांच्या घरी जाऊन बघितलं.

कॅमेऱ्याचंही तसंच. आपलं गेट आणि आपली भिंत, एवढंच दिसू द्या. शेजाऱ्यांची खिडकी किंवा न्हाणी त्यात आली तर चोर राहील बाजूला, कज्जे सुरू होतील.

---

पारिजातक, नेरुळ
२१ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

दोन महिन्यांनी लिहितेय. बंब सापडला नाही. फोटो दिला आहे, अंमलदार अधूनमधून फोन करतात.

झालेलं काम सांगते. खिडकीला आतून ग्रिल, मागच्या दाराला आडणा. भिंतीवर तीन फुटांची उभ्या बारांची जाळी, नगररचना विभागात विचारून. सिलिंडर साखळीने बांधलं. गल्लीतल्या गुलमोहराची एक फांदी सरळ आमच्या छज्जावर यायची. झाड महापालिकेचं, म्हणून उद्यान विभागात अर्ज केला, त्यांची माणसं येऊन फांदी छाटून गेली. दिवा खाडीकाठ यांनी सांगितला तसा तिरका.

भिंतीलगत करवंदाची बावीस रोपं नागमोडी लावली, एकवीस जगली. बोगनवेल जाळीवर दोन हात चढली आहे. गेटवर अण्णांनी स्वतः पाटी रंगवली: चेंडू आत गेल्यास बेल वाजवा. मुलं दुपारी दोनलाही वाजवतात, आणि अण्णा उठून चेंडू देतात. हाताचे टाके कधीच निघाले, अंगठा नीट वळतो. तो येऊन करवंदांना पाणी घालतो.

रात्री दहाला अण्णा स्टूल आत घेतात, मगच झोपतात.

गडगा, एक विचारायचं होतं. बोगनवेलीचे शेंडे आत्ताच छाटू का? जाळीच्या वर फार लोंबायला लागलेत, गल्लीतून जाणाऱ्याला लागतील.

---

गडगा, ठाणे
२१ सप्टेंबर, रात्री ८.१०

गल्लीकडे लोंबणारे तेवढे आत्ताच छाटा, बाकीच्यांना पाऊस संपेपर्यंत हात लावू नका. दिवाळीच्या सुमारास हलकी छाटणी केलीत तर नवी फूट आणि फुलं बरोबर येतील. छाटलेले तुकडे टाकू नका, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लागतात.

---

कलमवाली, ठाणे
२१ सप्टेंबर, रात्री ८.३५

त्या काड्या मला हव्यात, आमच्या सोसायटीची मागची भिंतही उघडीच आहे. रविवारी सकाळी नेरुळला येतेय. बांधून ठेवा, हातमोजे मी घेऊन येते.